मार एफ्रेम : गीत हीच मीमांसा

१

पूर्वेकडील ख्रिस्तमंडळीच्या आद्य धर्माचार्यांचा इतिहास बहुधा ग्रीक भाषेच्या आधाराने लिहिला जातो. अलेक्झांड्रियाचा अथनेशियस, कॅपाडोशियातील बेझिल आणि त्याचा भाऊ न्यासाचा ग्रेगरी, ह्या दोघांचा स्नेही नाझियान्झसचा ग्रेगरी आणि त्यांच्यामागून आलेला जॉन क्रिसोस्टम ही त्या इतिहासातील ठळक नावे. इ. स. ३२५ ची नायसियाची आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची धर्मपरिषद हे त्याचे दोन मोठे टप्पे. ह्या दोन परिषदांच्या दरम्यान ईश्वरस्वरूपाविषयी जो वाद झाला, त्यात शब्दांचा अर्थ निश्चित करणे, लक्षणे बांधणे आणि प्रतिपक्षाचे खंडन करणे ह्या गोष्टींना साहजिकच महत्त्व आले. परिणामी, धर्ममीमांसा म्हणजे गद्य, व्याख्या आणि युक्तिवाद, असे समीकरण अभ्यासकांच्या मनात रुजले.

ह्याच अर्धशतकात, ग्रीक जगाच्या पूर्व सीमेवर, एफ्रेम नावाचा एक पुरुष सिरियाक भाषेत गीते रचीत होता. त्याची चारशेहून अधिक गीते आज उपलब्ध आहेत. वादाचे विषय तेच, प्रतिपक्षही बराचसा तोच. परंतु साधन अगदी वेगळे. परंपरेने त्याला ‘आत्म्याची वीणा’ ही पदवी दिली. पुढे १९२० साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्याला सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा आचार्य म्हणून घोषित केले. असे असूनही मीमांसेच्या इतिहासग्रंथांत एफ्रेमची वासलात दीर्घकाळ ‘भक्तिपर कवी’ अशा एका शेऱ्याने लावली गेली. विचार ग्रीकांनी केला आणि सिरियाक कवीने तो गाइला, असा ह्या शेऱ्यामागील गर्भितार्थ आहे.

तो ग्राह्य नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. एफ्रेमच्या बाबतीत काव्य हा विचाराचा अलंकार नसून विचाराची पद्धती आहे. ईश्वराविषयी जे म्हणावयाचे ते व्याख्येने म्हणताच येत नाही, ह्या निश्चित भूमिकेतून त्याने गीताचा स्वीकार केला. मराठी अभ्यासकाला येथे ‘संतकवी’ ही संज्ञा सहज सुचेल. ज्ञानेश्वरांतील तत्त्वज्ञ आणि कवी ह्यांना वेगळे करण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही, आणि ही वाचनाची सवय एफ्रेमच्या अभ्यासाला उपकारक आहे. परंतु संज्ञा उचलून लावणे सोपे असते. ती कोठवर लागू पडते आणि कोठे अडते हेही पाहिले पाहिजे.

२

एफ्रेमचा जन्म इ. स. ३०६ च्या सुमारास निसिबिस येथे किंवा त्या परिसरात झाला. आजच्या तुर्कस्तानात, सिरियाच्या सीमेला लागून असलेले नुसायबिन हे गाव म्हणजेच ते निसिबिस. त्या काळीही ते सीमेवरचेच नगर होते. एका बाजूस रोमन साम्राज्य, दुसऱ्या बाजूस सासानी इराण. नगराचा बिशप याकोब हा नायसियाच्या परिषदेस उपस्थित होता. त्याच्या आणि त्याच्यानंतरच्या बिशपांच्या हाताखाली एफ्रेमने शिक्षक व डीकन म्हणून सेवा केली.

दुसऱ्या शापूरने निसिबिसला तीनदा वेढा घातला: ३३८, ३४६ आणि ३५० साली. तिसऱ्या वेढ्यात नदीचे पाणी अडवून तटबंदीवर सोडण्यात आले. तट खचला, पण नगर पडले नाही. एफ्रेमच्या निसिबिसविषयक गीतांत हे नगर महापुरात तरंगणाऱ्या नोहाच्या तारवाशी स्वतःची तुलना करते. भोवती पाणी, आत भयभीत माणसे, आणि तारू बुडत का नाही ह्याचे नवल. वरवर पाहता ही एक समर्पक उपमा आहे. परंतु एफ्रेमच्या दृष्टीने तारू आणि नगर ह्यांचे नाते उपमेपेक्षा अधिक दृढ आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

३६३ साली सम्राट जूलियन इराणच्या स्वारीत मारला गेला. त्याच्यामागून आलेल्या जोव्हियनने तह करून निसिबिस इराणच्या स्वाधीन केले आणि तेथील ख्रिस्ती रहिवाशांना नगर सोडावे लागले. जूलियनचे प्रेत निसिबिसवरून नेण्यात आले, त्या वेळी तटावर इराणी निशाण चढले होते. ते प्रेत आपण जवळ उभे राहून पाहिले, असे एफ्रेमने गीतात नमूद केले आहे. वयाच्या साठीजवळ निर्वासित झालेला हा शिक्षक पुढे एडेसा येथे, म्हणजे आजच्या उर्फा शहरात, स्थायिक झाला. ३७२–७३ च्या दुष्काळात धनिकांनी धान्य दडवून ठेवले असता, त्यांच्याकडून पैसा मिळवून त्याने नगरातील ओवऱ्यांत सुमारे तीनशे खाटांची सोय केली, अशी हकीकत पॅलेडियसने पाचव्या शतकाच्या आरंभी दिली आहे. ९ जून ३७३ रोजी एफ्रेमचे निधन झाले.

हे चरित्र एवढ्यासाठी सांगावयाचे की, एफ्रेमची पुढे रूढ झालेली प्रतिमा ह्याहून वेगळी आहे. सहाव्या शतकातील सिरियाक चरित्रात तो इजिप्तच्या संन्याशांना आणि बेझिलला भेटून येतो. बायझंटाइन चित्रांत तो कृश, वैराग्यशील मठवासी म्हणून दिसतो. वस्तुतः तो नगरात राहणारा, नगराच्या संकटांत सामील असलेला आणि नगरवासीयांना गाणे शिकविणारा मनुष्य होता. त्याच्या काव्याचे स्वरूप समजण्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. कारण ही गीते एकांतात वाचण्यासाठी नव्हती, मंडळीने मिळून म्हणण्यासाठी होती.

३

एफ्रेमच्या गीतप्रकाराचे नाव ‘मद्राशा’. ह्या शब्दात अध्ययन, विवरण असा अर्थ आहे. म्हणजे नावातच गीत आणि अध्यापन एकत्र आले आहेत. मद्राशा कडव्यांनी बनते. तिची रचना अक्षरांच्या संख्येवर चालते. प्रत्येक रचनेला एक ठरावीक चाल असते आणि कडव्यांच्या शेवटी ‘ओनीथा’, म्हणजे ध्रुवपद, येते. कडवी एकाने किंवा निवडक गाणाऱ्यांनी म्हणावयाची आणि ध्रुवपद सर्वांनी उचलावयाचे, अशी ही योजना होती. गणवृत्तांहून वेगळा असा आपला अक्षरछंद, अभंगातील अक्षरगणना आणि कीर्तनात टाळकऱ्यांनी उचललेले धृपद ज्याला परिचित आहे, त्याला मद्राशेची घडण समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. एफ्रेमने ‘मेम्रा’ नावाची, सात-सात अक्षरांच्या द्विपदींची, पठनासाठी योजलेली रचनाही केली. हा छंद आजही सिरियाक परंपरेत ‘मार एफ्रेमचा छंद’ म्हणून ओळखला जातो.

ह्या गीतप्रकाराचा जनक एफ्रेम नव्हे. त्याच्या दीडशे वर्षे आधी एडेसा येथे बार्देसान (१५४–२२२) नावाचा प्रज्ञावंत होऊन गेला. दावीदाच्या स्तोत्रांच्या संख्येइतकी, म्हणजे दीडशे गीते बार्देसानने रचली होती आणि त्यांच्या गोडीने तरुण मने त्याच्या मताकडे वळत, असे एफ्रेमच सांगतो. भारतीय अभ्यासकाला बार्देसानविषयी एका निराळ्या कारणाने आस्था वाटावी: रोमन दरबाराकडे निघालेल्या भारतीय वकिलांकडून त्याने ब्राह्मण व श्रमण ह्यांच्याविषयी माहिती मिळविली होती आणि ती पुढे पॉर्फिरीने उद्धृत केली. ह्या बार्देसानचे मत एफ्रेमला मान्य नव्हते. परंतु गीताला उत्तर गीतानेच देता येते, हे त्याने ओळखले, आणि प्रतिपक्षाचेच वाद्य हाती घेतले.

हे वाद्य त्याने कोणाकडून वाजवून घेतले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सरूगच्या याकोबने (सुमारे ४५१–५२१) एफ्रेमवर रचलेल्या मेम्रात एका गोष्टीचे विशेष कौतुक केले आहे: एफ्रेमने स्त्रियांना गावयास लावले. ‘कराराच्या कन्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्रतस्थ स्त्रियांचे गायकवृंद त्याने तयार केले. याकोबचे समर्थन मार्मिक आहे. हव्वेमुळे स्त्रीचे मुख मिटले होते, ते मरियेमुळे उघडले; आणि स्त्रीपुरुष एकाच प्याल्यातून प्रसाद घेतात, तर स्तुती एकट्या पुरुषांनी का करावी? चौथ्या शतकात मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावे असे अनेक धर्माचार्य बजावीत असता, ईश्वरस्वरूपाविषयीचे सूक्ष्म सिद्धान्त येथे स्त्रियांच्या कंठातून जाहीरपणे उमटत होते.

ख्रिस्तजन्माच्या गीतांचा संग्रह ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील अनेक गीतांत मरिया स्वतः बोलते. ती बाळाला जोजविते, आणि जोजविताना विचारते की, तुला मी काय म्हणून हाक मारू? पुत्र म्हणू, भाऊ म्हणू, धनी म्हणू? पाळण्याच्या गीताची ही परिचित रीत आहे. पण येथे त्या प्रश्नातच देहधारणाचा सारा पेच आहे. ज्याने तिला निर्मिले त्याला तिने जन्म दिला आहे. चौथ्या गीतात हाच पेच आणखी पुढे नेला आहे: बालक मरियेच्या स्तनाला लागले आहे आणि त्याच वेळी सर्व सृष्टी त्या बालकाचे दूध पीत आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेतील वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. सिरियाक भाषेत आत्मा ह्या अर्थाचा ‘रूहा’ शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्या काळच्या सिरियाक ग्रंथांत पवित्र आत्म्याचा निर्देशही स्त्रीलिंगी क्रियापदांनी होतो, हेही येथे नोंदविले पाहिजे.

४

आता एफ्रेमच्या विचाराकडे वळू. त्याचे सूत्र असे की, निर्माता आणि निर्मिती ह्यांच्यामध्ये एक दरी आहे. निर्मितीच्या बाजूने ती ओलांडता येत नाही. बुद्धी निर्मितीचा भाग असल्यामुळे तिला निर्मात्याच्या स्वरूपाची मोजदाद करणे शक्य नाही. ‘श्रद्धा’ ह्या शीर्षकाखाली संगृहीत झालेल्या ८७ गीतांत एफ्रेम ज्यांच्यावर टीका करतो ते ‘शोध घेणारे’, ‘चौकशी करणारे’ म्हणजे मुख्यतः एरियसच्या मताचे लोक. पिता आणि पुत्र ह्यांचे नाते नेमके कोणत्या प्रकारचे, पुत्र केव्हा आणि कसा उत्पन्न झाला, हे त्यांना ठरवावयाचे होते. ग्रीक विद्येच्या विषाची चव न घेणाऱ्याला एफ्रेम धन्य म्हणतो, ते ह्या संदर्भात.

परंतु त्याचा निषेध बुद्धीचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. निसर्ग आणि शास्त्र ह्यांत ईश्वराने जे प्रकट केले आहे त्याचा शोध घेतलाच पाहिजे; जे झाकले आहे त्याची झडती घेऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. झडती हा जसा एक अतिरेक, तसा पूर्ण मौन हा दुसरा. ह्या दोहोंमधील वाट स्तुतीची. आणि स्तुतीची भाषा म्हणजे गीत. येथे काव्य हा विचाराचा अपरिहार्य निष्कर्ष म्हणून येतो. व्याख्या वस्तूला कुंपण घालते. ज्याला सीमा नाही त्याला कुंपण घालण्यात केवळ अपयशच नाही, अपराध आहे. परस्परविरोधी प्रतिमा शेजारी शेजारी ठेवणारे गीत मात्र कुंपण न घालता दिशा दाखविते.

दरी ओलांडता येत नसेल तर मनुष्याला ईश्वराविषयी काही कळते कसे? एफ्रेमचे उत्तर असे की, ईश्वर स्वतः ती ओलांडून येतो, आणि प्रथम तो येतो तो भाषेत. शास्त्रात ईश्वराला कान, डोळे, क्रोध, पश्चात्ताप आहेत असे जे म्हटले आहे, ती त्याने आपल्यासाठी पांघरलेली आपली भाषा होय. श्रद्धागीतांतील ३१ व्या गीतात ह्याला एक सुंदर दृष्टान्त आहे. पोपटाला बोलावयास शिकविणारा मनुष्य आरशाच्या मागे लपतो आणि तेथून बोलतो. पोपटाला आरशात आपल्यासारखाच एक पोपट दिसतो. तोच आपल्याशी बोलत आहे असे समजून तो बोल शिकतो. शिक्षक पोपट नव्हे, परंतु पोपटाच्या प्रेमासाठी त्याने ही युक्ती योजली. शब्दाच्या मर्यादेविषयी एवढा गहन सिद्धान्त इतक्या घरगुती चित्राने मांडणे ही खास एफ्रेमची रीत आहे. मनुष्याची भाषा अपुरी आहे, आणि तरीही ती पवित्र आहे. कारण ती कोणी तरी प्रेमाने पांघरली आहे.

पांघरण्याची ही प्रतिमा एफ्रेमच्या सर्व काव्यातून वाहते. आदाम आणि हव्वा नंदनवनात तेजाचे वस्त्र ल्यालेले होते. आज्ञाभंगाने ते गेले आणि ती उघडी पडली. त्यांना ते परत मिळावे म्हणून पुत्राने देह पांघरला. सिरियाक भाषेत देहधारणाचा सर्वात जुना शब्दप्रयोगच ‘देह नेसणे’ असा आहे. यार्देन नदीत उतरताना त्याने ते तेजोवस्त्र पाण्यात ठेवले, आणि बाप्तिस्मा घेणारा प्रत्येकजण तेथून ते उचलून नेसतो. सृष्टीच्या आरंभापासून अंतापर्यंतची कथा अशी एका वस्त्राच्या कथेत सामावली आहे. ग्रीक मीमांसक जेथे ‘सत्ता’ आणि ‘व्यक्ती’ ह्यांसारख्या संज्ञांचे काटेकोर भेद करीत होते, तेथे एफ्रेमने एक धागा हाती घेऊन तो ओढीत नेला.

ह्या विचाराची किल्ली ‘राझा’ ह्या शब्दात आहे. मूळ इराणी भाषेतून सिरियाकमध्ये गेलेला हा शब्द फारसीतून उर्दू-हिंदीतही ‘राज़’ म्हणून आला आहे, ही गोष्ट भारतीय वाचकाला सुखद वाटेल. गुपित हा त्याचा मूळ अर्थ. एफ्रेमच्या वापरात तो चिन्ह, संकेत आणि संस्कारविधी हे तिन्ही अर्थ घेतो. राझा म्हणजे वस्तूत दडलेले असे चिन्ह, जे ज्याची खूण आहे त्याच्याशी खरोखरीच जोडलेले असते. नोहाचे तारू वेढ्यातील निसिबिसला केवळ ‘सारखे’ नाही. दोन्ही ठिकाणी एकाच तारणाची क्रिया चालू आहे. म्हणूनच एफ्रेमचे प्रतिमान साहित्यशास्त्रातील उपमा-रूपकांच्या चौकटीत पुरते बसत नाही. उपमेत साम्य कवी पाहतो. राझेत ते सृष्टीतच पेरलेले असते आणि ‘उजळ डोळा’ असलेल्याला दिसते.

मोत्यावरील पाच गीते (श्रद्धागीते ८१ ते ८५) ह्याचा नमुना म्हणून घेता येतील. कवी एक मोती तळहातावर घेऊन न्याहाळतो. तो निर्मळ आहे, त्याला बाजू नाहीत, तो सर्वांगी प्रकाश आहे. त्याच्यात कवीला पुत्राच्या आणि मंडळीच्या खुणा दिसू लागतात. मोती बीजावाचून जन्मतो, म्हणून त्यात कुमारीच्या प्रसूतीची खूण. तो टोचला जातो आणि कानात टांगला जातो, म्हणून क्रूसाची. पाणबुडे अंगाला तेल लावून, वस्त्रे उतरवून त्याच्यासाठी पाण्यात शिरतात, म्हणून बाप्तिस्म्याची. पण कवी प्रश्न विचारू लागताच मोती त्याला अडवितो. आपण अथांग समुद्राची कन्या आहोत, समुद्राचीच थाह कोणाला लागत नाही, तर त्याच्या स्वामीची कशी लागेल, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. स्वातीच्या थेंबाचे मोती होणे हा आपल्याकडील कविसंकेत. तेथे मोती पात्रतेचे उदाहरण म्हणून येतो. येथे तो प्रतिपक्षाशी वाद करणारा साक्षीदार आहे. ज्ञेयाच्या मर्यादेविषयीचा सिद्धान्त प्रतिमेवर बाहेरून लादलेला नाही. प्रतिमा न्याहाळण्याची क्रियाच तो सिद्ध करते.

न्यासाचा ग्रेगरी ह्याच सुमारास युनोमियसविरुद्ध लिहिताना ईश्वराचे स्वरूप कोणत्याही नावात मावत नाही असे प्रतिपादन करीत होता, आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीने विपुल ग्रीक काव्य लिहिले आहे. म्हणजे भूमिका एफ्रेमची एकट्याची नव्हती. परंतु ग्रीक आचार्यांनी ती मुख्यतः युक्तिवादाने मांडली. एफ्रेमने ती आचरून दाखविली. हे दोन मार्ग समकक्ष आहेत. एकाला विचार आणि दुसऱ्याला भावना म्हणणे योग्य नव्हे.

५

आता ‘संतकवी’ ह्या संज्ञेकडे परत येऊ. ती ज्या ठिकाणी लागू पडते ती स्थळे वर आलीच आहेत: लोकभाषेतील अक्षरछंद, सामूहिक धृपद, स्त्रियांचा सहभाग, घरगुती दृष्टान्त. आणखी एक सांगता येईल. अभंगाच्या शेवटी जशी नाममुद्रा येते, तशी एफ्रेमच्या काही गीतांत कडव्यांची आद्याक्षरे जुळविली की त्याचे नाव निघते. कवी स्वतःला लपवितो आणि खूणही ठेवतो.

परंतु भेद ह्याहून महत्त्वाचे आहेत. पहिला भेद तत्त्वाचा. शब्दाच्या अपुरेपणाचा विचार ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त केला आहे, तेथे शब्द अखेर अनावश्यक ठरतो, कारण ज्याचे ज्ञान व्हावयाचे ते स्वयंप्रकाश आहे आणि त्याच्याहून वेगळा असा कोणी उरत नाही. एफ्रेमची दरी अशी मावळत नाही. मीलनाच्या अत्युच्च क्षणीही निर्माता निर्माताच आणि निर्मिती निर्मितीच राहते. तिच्या वाट्याला येते ते अखंड आश्चर्य. वस्त्राचीच प्रतिमा घ्या. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह हे आत्म्याने टाकून द्यावयाचे जीर्ण वस्त्र आहे. एफ्रेमच्या गीतांत देह हे ईश्वराने हौसेने नेसलेले वस्त्र आहे, आणि ते टाकावयाचे नसून तेजाने उजळावयाचे आहे. प्रतिमा एकच, तिचा रोख नेमका उलट. प्रतिमांच्या साम्यावरून सिद्धान्ताच्या साम्याकडे झेप घेणाऱ्या तौलनिक अभ्यासाला हे उदाहरण सावध करील.

दुसरा भेद अधिक अवघड आहे आणि तो टाळून एफ्रेमचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे नाही. त्याच्या गीतांत मार्सिअन, मानी, बार्देसान ह्यांच्याविषयी कठोर शब्द आहेत. पण यहुदी लोकांविषयीची त्याची भाषा पुष्कळदा केवळ वादाची राहत नाही, ती तिरस्काराची होते. चौथ्या शतकातील निसिबिस व एडेसा येथे यहुदी आणि ख्रिस्ती शेजारी राहत होते. काही ख्रिस्ती यहुद्यांच्या सणात सहभागी होत आणि एफ्रेमला ते तोडावयाचे होते, हे कारण समजते. परंतु कारण समजले म्हणून परिणाम नाहीसा होत नाही. वल्हांडणाच्या सप्ताहात म्हणावयाच्या गीतांत हा मजकूर आहे, आणि तो धृपदासह सर्वांच्या मुखी बसविला गेला. ज्या योजनेने मुकी केलेली स्त्री बोलू लागली, त्याच योजनेने शेजाऱ्याविषयीचा दुरावाही सर्वांच्या जिभेवर आला. गीताच्या सामर्थ्याचा विचार करावयाचा तर ह्या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. संतवाङ्मयाच्या आपल्या अभ्यासातही वादपर आणि निंदापर रचना बाजूला ठेवून निवडक पदांवर मत बनविण्याची प्रवृत्ती आढळते. एफ्रेमचे वाचन तिला प्रश्न विचारू शकते.

ख्रिस्ती विषय मराठी पद्यात आणणारा थोर ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाचा एफ्रेमशी प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि प्रसंग सारखा आहे. श्रोत्यांच्या कानांत आधीच एक गीतप्रकार घुमत असतो. नवा धर्मविचार सांगणाऱ्याला तो वापरल्यावाचून गत्यंतर नसते. आणि तो वापरताच विचारही थोडा बदलतो. बार्देसानच्या मद्राशेत एफ्रेमचा विचार आणि पुराणाच्या ओवीत स्टीफन्सचा विचार कसा बदलला, हा तौलनिक अभ्यासाचा उत्तम विषय होईल.

६

एफ्रेमचे काव्य आपल्यापर्यंत पोहोचले त्याचा मार्ग सरळ नाही. जेरोमने ३९२ साली लिहिलेल्या ग्रंथात एफ्रेमची नोंद आहे आणि काही मंडळ्यांत शास्त्रवाचनानंतर त्याचे लेखन वाचले जाई, असे म्हटले आहे. ग्रीकमध्ये त्याच्या नावावर प्रचंड वाङ्मय जमा झाले; त्यातील बहुतेक त्याचे नाही. ऑर्थोडॉक्स मंडळीत उपवासकाळी म्हटली जाणारी ‘एफ्रेमची प्रार्थना’ ह्यातलीच. तिचे सिरियाक मूळ आढळत नाही. तरी पुश्किनने १८३६ साली तिच्यावरून कविता रचली. अस्सल मद्राशांची उत्तम हस्तलिखिते सहाव्या शतकातील आहेत. इजिप्तच्या वाळवंटातील सिरियनांच्या मठात ती जपली गेली आणि पुढे रोम व लंडन येथे गेली. त्यांच्या आधारे एडमंड बेक यांनी १९५५ ते १९७९ ह्या काळात संपादित केलेल्या आवृत्तीमुळे एफ्रेमचा खरा अभ्यास शक्य झाला. रॉबर्ट मरे यांचा १९७५ चा आणि सेबॅस्टियन ब्रॉक यांचा १९८५ चा ग्रंथ त्यानंतरचे.

हस्तलिखितांत गीतांच्या आरंभी चालींची नावे दिलेली आहेत. चाली मात्र हरवल्या. म्हणजे आपल्या हाती आहे ते धृपद उचलणाऱ्यांवाचूनचे गीत. भारतात ही उणीव थोडी कमी भासते. केरळातील ख्रिस्ती परंपरेत सिरियाक ही शतकानुशतके उपासनेची भाषा होती. तेथे तिला सुरियानी म्हणतात आणि ती शिकविणाऱ्याला ‘मल्पान’. पश्चिम सिरियाक परंपरेच्या नित्य प्रार्थनांत मार एफ्रेमच्या छंदातील याचना आजही म्हटल्या जातात, आता बहुधा मल्याळममधून. आणि कोट्टयम येथे १९८५ मध्ये त्याच्या नावाने सिरियाक अध्ययनाची संस्था स्थापन झाली. स्वतः एफ्रेमने निसिबिसविषयक ४२ व्या गीतात, भारतात मारल्या गेलेल्या प्रेषित थॉमसच्या अस्थी एका व्यापाऱ्याने एडेसाला आणल्याचा उल्लेख केला आहे.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने एफ्रेमकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही ते एवढ्यासाठी. मात्र मराठीत त्याचा अनुवाद करावयाचा तर तो ग्रीक संज्ञांचे संस्कृत पर्याय शोधणाऱ्या भाषेत होऊ नये. अक्षर मोजणारा छंद, सर्वांनी उचलावयाचे धृपद, जोजविणाऱ्या आईचा स्वर ही साधने मराठीजवळ आहेत. ती वापरताना दरी मात्र बुजविता कामा नये. ती एफ्रेमच्या विचाराच्या केंद्रस्थानी आहे, आणि भाषांतरात ती बुजली तर जे उरेल ते आपलेच असेल, त्याचे नसेल.